‘बाळंतिणीला होतंच असं’





या वेळी सुरुवात घरातल्या एका प्रसंगापासून करते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत माझी मुलगी जन्मली. गरोदरपण सरळ गेलं होतं, रक्तदाब एकदाही वाढला नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली होती. सहाव्या दिवशी सकाळपासून माझं डोकं दुखू लागलं. गोळी घेतली, थांबलं नाही. आई म्हणाली, "जागरण आहे गं. बाळंतिणीला होतंच असं. डोक्याला रुमाल बांध आणि पड जरा."

मला ते पटलं. मी प्रथिनांवर संशोधन करते, डॉक्टरेट आहे, ‘प्रीएक्लॅम्पसिया’ हा शब्द मला अनोळखी नव्हता. पण तो आजार बाळंतपणाआधी होतो आणि वार पडली की संपतो, अशी माझी पक्की समजूत होती. रुग्णालयातून निघताना दिलेली कागदांची फाईल मी उघडलीही नव्हती.

संध्याकाळी शेजारची मुलगी अळिवाची खीर घेऊन आली. लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तिने सहा वर्षं नर्स म्हणून काम केलं होतं. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर इथे आली आणि इथल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहतच राहिली. "ताई, डोळ्यांपुढे काही चमकतंय का? उजव्या बरगडीखाली दुखतंय?" दोन्हींचं उत्तर ‘हो’ होतं. ती घरी जाऊन रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली. १६८/११२. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला, तेवढाच. "काकू, बाळाला तुम्ही सांभाळा. ताई, आत्ता निघायचं. आणि तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं, की सहा दिवसांपूर्वी मी बाळंत झाले आहे."

ते वाक्य मी सांगितलं म्हणून मला रांगेत बसावं लागलं नाही. पुढचे चोवीस तास मॅग्नेशियम सल्फेटचं सलाईन चालू होतं. एक नर्स तासातासाला येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघे, श्वास मोजे, लघवीचं प्रमाण लिहून ठेवी. झटके येऊ नयेत म्हणून दिलेलं हे औषध प्रमाणाबाहेर गेलं तर आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, मग श्वास मंदावतो. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी ठेवावा लागतो. डॉक्टर दिवसातून दोनदा आले. मधल्या सगळ्या तासांत माझा जीव या नर्सच्या हातात होता.

या प्रसंगातली एक गोष्ट आजही टोचते. महिनाभर आधी दिवाळीच्या जेवणाला आम्ही काही जणांनी याच मुलीला सल्ला दिला होता, "नर्सिंग कशाला पुन्हा? एखादा टेस्टिंगचा कोर्स कर, सहा महिन्यांत नोकरी लागेल." मीही मान डोलावली होती.

हा अनुभव माझ्या एकटीचा असता तर तो आपल्यापुढे मांडला नसता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये इथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३२.९ मातांचा मृत्यू झाला. कोविडची लाट ओसरल्यावर २०२३ मध्ये हा आकडा १८.६ वर आला. इतर श्रीमंत देशांच्या तुलनेत तोही लाजिरवाणाच आहे. २०१८–२० या काळात आपल्या महाराष्ट्राचा आकडा ३३ होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे ही तुलना सरळ करता येत नाही; तरी जगात आरोग्यावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशाने विचारात पडावं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

दोन बाबी अधिक महत्त्वाच्या आहेत. ३६ राज्यांतल्या समित्यांनी २०१७ ते २०१९ या काळातले गरोदरपणाशी संबंधित मृत्यू एकेक करून तपासले. त्यांतले ८४ टक्के टाळता आले असते, असा निष्कर्ष निघाला. आणि निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणाला आठवडा उलटल्यानंतर, वर्षभराच्या आत झाले होते. म्हणजे आई घरी असते, बाळाचं कौतुक चाललेलं असतं आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, तेव्हा.

लक्ष गेलं तरी तिचं ऐकलं जातंच असं नाही. सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर धाप लागली. आपल्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असणार, हे तिने स्वतः ओळखून सांगितलं. औषधांमुळे ती गोंधळली असावी, असं आधी नर्सला वाटलं. जगज्जेत्या खेळाडूची ही कथा, तर इतरांचं काय? २०२३ मध्ये कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर ५०.३ होता, गोऱ्या मातांचा १४.५, आशियाई मातांचा १०.७. आपला आकडा लहान आहे म्हणून हा प्रश्न आपला नाही, असं समजणं आपल्यासारख्यांना शोभत नाही.

सेरेनाच्या गोष्टीत एक नर्स चुकली, माझ्या गोष्टीत एका नर्सने वाचवलं. दोन्हींतून दिसतं ते एकच: पलंगापाशी उभी असलेली व्यक्ती काय पाहते आणि ते किती गंभीरपणे घेते, यावर बरंच काही ठरतं. कॅलिफोर्नियाने हे ओळखलं. २००६ मध्ये तिथे मातृसेवेच्या दर्जासाठी राज्यव्यापी उपक्रम सुरू झाला. रक्तस्रावासाठी लागणारं सगळं सामान एका गाडीवर तयार ठेवायचं; रक्त किती गेलं हे नजरेने न ठरवता पॅड वजन करून मोजायचं, कारण १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर; रक्तदाब १६०/११० वर टिकून राहिला तर तासाभराच्या आत औषध सुरू झालंच पाहिजे. यातलं बहुतेक काम नर्सचं आहे. २००६ मध्ये तिथला मातामृत्युदर १६.९ होता, २०१३ मध्ये ७.३ झाला.

इथली परवाना परीक्षा, एनक्लेक्स, हेच तपासते. ती संगणकावर असते आणि उत्तरागणिक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. एप्रिल २०२३ पासून तिच्यात पूर्ण रुग्णकथा आल्या आहेत: नोंदी वाचा, कोणती खूण चिंतेची ते ओळखा, आधी काय कराल ते ठरवा. बाळंतिणीचं गर्भाशय मऊ लागतंय आणि रक्त जास्त जातंय, तर आधी डॉक्टरांना फोन की आधी पोटावरून गर्भाशय चोळणं? उत्तर: आधी हात, मग फोन. महाराष्ट्रात शिकलेली नर्स दाई म्हणूनही नोंदलेली असते, तिने स्वतःच्या हाताने बाळंतपणं केलेली असतात. तरी अर्ज करताना तिच्या कॉलेजने आणि मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलने कागद थेट पाठवावे लागतात. काही राज्यं प्रसूतिविषयाचे वर्गातले आणि वॉर्डातले तासही बारकाईने तपासतात. त्यात महिने जातात, आणि पुष्कळ मुली तिथेच हात टेकतात.

आपण आनंदीबाई जोशींचं नाव अभिमानाने घेतो. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. ते नाव घ्यायलाच हवं. पण रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि घरात कोंडलेल्या विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, हे आपल्यापैकी किती जणांना आठवतं? बामणाच्या मुलीने परक्याची शुश्रूषा करायची, कोणत्याही जातीच्या रुग्णाला शिवायचं, यावर तेव्हा गहजब झाला होता.

तो गहजब आज दिसत नाही, पण त्याचं मूळ शिल्लक आहे. रक्त, वार, मळ यांना हात लावणारं काम हलकं. ते सुईणीचं, तथाकथित खालच्या जातीचं. बाळंतीण दहा दिवस विटाळात. डॉक्टर या कल्पनेतून सुटले, नर्स सुटली नाही. ‘मुलगी डॉक्टर आहे’ हे आपण जसं सांगतो तसं ‘मुलगी नर्स आहे’ हे सांगतो का? जातिभेदाविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या घरांतही दिवाळीच्या जेवणाला असा सल्ला निघतो, तो या जुन्या विटाळातूनच येतो, असं मला आता वाटतं.

तेव्हा तीन विनंत्या करते. आपल्या गावात नर्सिंगचं शिक्षण घेऊन आलेली आणि घरी बसलेली मुलगी असेल, तर तिला दुसरा कोर्स सुचवण्याआधी या परीक्षेबद्दल विचारा. परीक्षेची फी, आठवड्यातून दोन संध्याकाळी तिची मुलं सांभाळणं, पुण्या-मुंबईत कागदांचा पाठपुरावा करणारं माणूस, यातलं काहीही एक द्या.

दुसरी, घरात बाळंतपण असेल तर या खुणा मराठीत लिहून फ्रीजवर लावा, आणि इथे आलेल्या आईला किंवा सासूबाईंना वाचून दाखवा: छातीत दुखणं, धाप, झटके, स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार, यांपैकी काहीही असलं तर लगेच ९११. खूप रक्तस्राव, न भरणारा टाका, लाल सुजलेला पाय, १००.४ अंशांवर ताप, औषधाने न थांबणारी डोकेदुखी, यांपैकी काही असलं तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन. फोन लागला नाही तर थेट इमर्जन्सी.

तिसरी, ‘बाळंतिणीला होतंच असं’ हे वाक्य ओठांवर आलं की थांबा, आणि त्याऐवजी तिला विचारा, "नक्की काय होतंय?"

शेजारची ती मुलगी दुसऱ्या प्रयत्नात परीक्षा पास झाली. आज ती एका प्रसूती विभागात रात्रपाळी करते. माझी मुलगी तिला मावशी म्हणते. माझ्या आईने मात्र तिला ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली आहे, आणि तो शब्द आई ज्या आदराने उच्चारते तसा मी आमच्या घरात पूर्वी कधी ऐकला नव्हता.

आपले अनुभव जरूर कळवा.