संगणक मेला की केवळ उपाशी?

जुना संगणक सुरू होईनासा झाला की लोक तो भंगारात काढावयास निघतात. हरणीतील एका कुटुंबाने नुकताच आमचा सल्ला विचारला. मुलांचा अभ्यास व घरची छायाचित्रे त्यातच होती. वाचकहो, अशा वेळी उतावीळ होऊ नये. प्रथम त्याच सॉकेटला दिवा लावून पाहावा, मग केबल बदलावी. तरीही यंत्र निर्जीव राहिले, अथवा मध्येच बंद पडू लागले, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. घरातील २३० व्होल्ट विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्ट तयार करणारी हीच पेटी. जाणकार माणूस तिचा जोड मदरबोर्डपासून सोडवून हिरवी तार काळीस जोडतो. पंखा फिरला म्हणजे पेटी जिवंत आहे, पण निरोगी आहेच असे नव्हे. भार असताना मल्टिमीटरने १२ च्या जागी ११.४ ते १२.६ व ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत. पेटी मात्र घरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक वीज उरलेली असू शकते. दोष ठरल्यास पेटी तेवढी बदलावी. हार्ड डिस्क शाबूत असेल तर छायाचित्रेही शाबूत राहतील. परीक्षेवाचून कोणासही निकामी ठरवू नये, हेच खरे.