विकलेल्या मुली आणि सरहद्दीचे पहारेकरी

चीनमध्ये पुरुष फार झाले, लग्नावाचून राहिलेले हे तरुण सैन्यात भरून तो देश एक दिवस शेजाऱ्यांवर तुटून पडेल, हे भाकीत मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. व्हॅलेरी हडसन आणि आंद्रेया डेन बोअर यांनी 2004 मध्ये पुस्तक लिहून हा धोका मांडला. एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या नियान बंडखोरांच्या टोळ्या मुली मारणाऱ्या दुष्काळी मुलखातच उभ्या राहिल्या, हा त्यांचा दाखला वजनदार आहे. पण आमच्या संरक्षणतज्ज्ञांनी त्यातून रणगाड्यांच्या भाषेत बोलता येईल तेवढेच उचलले. उद्याच्या युद्धाचे नकाशे काढताना आज चाललेली लूट ते पाहत नाहीत, याचा मला संताप येतो.

1980 पासून 2015 पर्यंत चीनने एका अपत्याची सक्ती केली. घराण्याला मुलगा हवा आणि सोनोग्राफी हाताशी! एरवी 100 मुलींमागे 105 च्या आसपास मुलगे जन्मतात. 2004 च्या सुमारास तिथे 121 जन्मत होते. 2020 च्या जनगणनेत पुरुष साडेतीन कोटींच्या आसपास जास्त भरले. खेड्यातल्या गरिबाला बायको मिळेना, तेव्हा दलालांनी ती सरहद्दीपलीकडून आणली.

सरहद्दीपलीकडच्या म्यानमारात जून 2011 मध्ये लष्कर आणि काचिन बंडखोर यांच्यातला युद्धविराम मोडला. लाखभर माणसे घरादाराला मुकली. विस्थापितांच्या छावणीतल्या बाईला चीनमध्ये काम देतो म्हणून नेणारा दलाल बहुधा ओळखीचा, कधी तर नात्यातलाच. ह्यूमन राइट्स वॉचने 2019 मध्ये सुटून आलेल्या बायकांच्या जबान्या छापल्या. 3 हजार ते 13 हजार डॉलरला विक्री, मग कोंडून घालणे, आणि गर्भ राहावा म्हणून पुन्हा पुन्हा बलात्कार. सुटणारीला अनेकदा पोटचे मूल तिथेच टाकून यावे लागते.

पाकिस्तानातून 2018 ते 2019 च्या सुरुवातीपर्यंत 629 मुली आणि बायका चिनी नवऱ्यांना विकल्या गेल्या, त्यांत गरीब ख्रिस्ती घरांतल्या पुष्कळ. फैसलाबादच्या न्यायालयातून 31 चिनी आरोपी निर्दोष सुटले. बीजिंग दुखावू नये म्हणून तपासावर दबाव आल्याचे असोसिएटेड प्रेसने अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापले. ज्या राष्ट्राला स्वतःच्या लेकींचा खटला नेटाने चालवता येत नाही, त्याचे सार्वभौमत्व कुठल्या क्षेपणास्त्राने राखायचे?

आपलेही हात स्वच्छ नाहीत. 2011 मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 807 मुली होत्या. हरयाणात बंगाल-आसामातून विकत आणलेल्या बाईला ‘पारो’, ‘मोलकी’ म्हणून हिणवतात. ते आधी थांबवावेच लागेल. पण तोवर गप्प बसायचे कारण नाही. शांघाय सहकार्य संघटनेत चीन, पाकिस्तान आणि भारत एकाच टेबलाशी बसतात. दहशतवाद, फुटीरतावाद आणि अतिरेकीपणा यांविरुद्ध ठराव करतात. वधूंच्या या व्यापाराविरुद्धचा चौथा ठराव भारताने पुढच्याच बैठकीत मांडावा, आणि विरोध करणाऱ्या देशाचे नाव जाहीर करावे.