बिनतारीची तारेवरची कसरत

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी अंदमान-निकोबार बेटे भूकंपाने हादरली आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने किनारे धुऊन नेले. बेटांचा बाहेरच्या जगाशी असलेला दूरध्वनी-संपर्क कोलमडला. योगायोग असा की, हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्येच होते. जगभरच्या हौशी बिनतारी चालकांशी संभाषण करावे, एवढ्याच हेतूने ही मंडळी तेथे गेली होती. त्यांची छंदाची यंत्रे त्या दिवसापासून संकटग्रस्तांच्या कामी आली. अडकलेल्यांची खुशाली त्यांनी मुख्य भूमीवरील आप्तांपर्यंत पोहोचवली. पुढे कार निकोबारमध्येही केंद्र उभारले. अंदमानातून प्रक्षेपण करण्याची ही परवानगी मिळण्यास कित्येक वर्षे लागली होती. सरकारी फाईल आणखी महिनाभर रेंगाळली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेलाच बरा.

आता खिशाखिशात भ्रमणध्वनी आहे, तेव्हा असल्या छंदाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा वीज गेली आणि भ्रमणध्वनीही मुके झाले. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना गावाकडची माणसे जिवंत आहेत की नाहीत, हेही कळेना. २०१७ साली मारिया चक्रीवादळानंतर प्वेर्तो रिको बेटावरील शंभरांतले पंचाण्णव मनोरे बंद पडले होते. तेथे तर अमेरिकेची सत्ता आहे.

याचे कारण साधे आहे. बिनतारी म्हणविणाऱ्या या यंत्रणेत मनोऱ्यापासून ग्राहकापर्यंतचा अखेरचा टप्पाच काय तो खरा बिनतारी. मागची बरीचशी वाहतूक रस्त्याकडेच्या तंतुवाहिनीतून होते. पूल वाहून गेला की तीही जाते. वीज तुटल्यावर मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग जनित्र, आणि जनित्राला डिझेल! तेव्हा संपर्क पूर्ववत करण्याचे काम अभियंत्याइतकेच टँकरच्या चालकाचे आणि दरड उपसणाऱ्या मजुराचे आहे. आपत्तीच्या आराखड्यांत मात्र उपग्रह-दूरध्वनीला जेवढा मान मिळतो, तेवढा या दोघांना मिळत नाही.

जो मनोरा उभा आहे त्याने कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला सेवा द्यावी, अशी मुभा अलीकडच्या काही चक्रीवादळांत देण्यात आली. ती आदेशाची वाट न पाहता आपोआप लागू झाली पाहिजे. पूररेषेखाली जनित्रे ठेवणाऱ्या कंपन्यांनाही जाब विचारला पाहिजे.

राहिला प्रश्न हौशी चालकांचा. मोटारीची बॅटरी, दोन झाडांमध्ये ताणलेली तार आणि एक लहानसा संच एवढ्यावर लघुलहरी शेकडो मैल जातात. वातावरणाच्या वरच्या थरांवरून त्या परावर्तित होतात. परवाना सरकारी परीक्षेनंतर मिळतो आणि ती परीक्षा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. कोकणातील प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयात असा एक संच आणि चार परवानाधारक असावेत, यासाठी लागणारा खर्च एखाद्या उद्घाटन-समारंभाच्या मांडवाहून अधिक नसावा. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी तेवढे झाले तरी पुरे.