नैवेद्याची शुचिता आणि अन्नाचा कायदा

दीपावली दाराशी आली आहे. घरोघरी भाजल्या जाणाऱ्या बेसनाचा आणि साजूक तुपाचा दरवळ सुटेल, लक्ष्मीपूजनाला धने-गूळ, लाह्या-बत्तासे आणि फराळाचा नैवेद्य ठेवला जाईल. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाला ब्रह्म म्हटले आणि अन्नाची निंदा न करणे हे व्रत सांगितले. अशा परंपरेच्या वारसांनी अन्नाच्या शुद्धतेविषयी उदासीन राहावे, हे शोभणारे नाही.

पूर्वी धान्य निवडण्यापासून लोणी कढविण्यापर्यंत सारे घरातच होई. सोवळे हा आचार तर होताच. पण गृहिणीने स्वतःच्या डोळ्यांनी केलेली ती अन्नाची तपासणीही होती. आज रवा, बेसन, तूप, मसाले, इतकेच काय, तयार फराळही बंद पाकिटातून घरात येतो. तो कोणाच्या हातून आणि कोणत्या जागी तयार झाला, हे आपणांस दिसत नाही. आपल्या डोळ्यांचे हे काम आता कायद्याने करावयाचे आहे.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. त्याचे अठ्ठाविसावे कलम महत्त्वाचे आहे. आपला माल कायद्याच्या कसोटीस उतरत नाही असे मानण्यास कारण दिसताच, उत्पादकाने तो स्वतः होऊन बाजारातून परत घ्यावा आणि अधिकाऱ्यांस कळवावे, असे ते सांगते. माल परत घेण्याची रीत २०१७ च्या नियमांनी ठरवून दिली. चूक झाकण्यापेक्षा ती निस्तरणे श्रेष्ठ, हा धर्मविचारच येथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

परंतु शासनाचा हात कठोर असावा, तसाच तो न्यायीही असावा. ५ जून २०१५ रोजी शिसे मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याच्या कारणावरून मॅगी नूडल्सवर देशभर बंदी घालण्यात आली आणि दुकानादुकानांतून माल परत गेला. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीस आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती आणि चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक ती मान्यता नव्हती, असे न्यायालयास आढळले. फेरतपासणीत शिसे मर्यादेत निघाले व नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. बंदी घालण्यापूर्वी प्रयोगशाळा निर्दोष हवी. अन्यथा निरपराध व्यापारी भरडला जातो आणि पुढे खरा इशारा आला तरी लोक त्यावर विश्वास ठेवीत नाहीत.

सणासुदीच्या मिठाईचा प्रश्न याहून बिकट आहे. नमुना हाती आल्यावर अहवाल देण्यास अन्न विश्लेषकाला कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे. खव्याचा पेढा तर दोन-चार दिवसांत संपतो! अहवाल येईपर्यंत नैवेद्य दाखवून झालेला असतो आणि प्रसाद मुलाबाळांच्या पोटात गेलेला असतो. मग परत काय मागवावयाचे? म्हणून ऐन दिवाळीत छापे घालून वृत्तपत्रांत छायाचित्रे देण्यापेक्षा, अन्न व औषध प्रशासनाने खवा, तूप आणि तेल यांचे नमुने सणापूर्वी पुरेशा अवधीने तपासावेत. सदोष ठरलेल्या मालाचे नाव व बॅच क्रमांक मराठीतून, ठळक अक्षरांत, गल्लीतल्या वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचवावेत. कारण ज्या घरात ते पाकीट उघडले गेले, तेथवर सूचना न पोहोचल्यास माल परत घेतला असे म्हणण्यास काय अर्थ?

आपलेही कर्तव्य उरतेच. वेष्टनावरील परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख वाचावी, पावती मागून घ्यावी, पाकीट रिकामे होईपर्यंत वेष्टन फेकू नये. सुट्या मिठाईवरही किती दिवसांत ती खावी हे लिहिण्याचे बंधन १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांवर घालण्यात आले होते; ते लिहिले नसल्यास विचारावे. संशय आल्यास केवळ पाकीट बदलून घेऊन गप्प न बसता तक्रार नोंदवावी; त्याने शेजारचे घर वाचेल.

आपल्या घरातला नैवेद्य हा अखेर सर्वांचा प्रसाद होतो. तो ताटात वाढण्यापूर्वी वेष्टनावरची चार अक्षरे वाचणे, हेही आता सोवळ्यातलेच एक कर्म मानावे.