ठेव घेतली, पावती कुठे आहे?

नागपूरचा उन्हाळा चुकवायचा आणि नातवंडांचे तोंडही पाहायचे, अशा दुहेरी हेतूने एप्रिल-मेमध्ये परदेशी जाणारी आजी-आजोबांची जोडपी आता धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत सगळीकडे भेटतात. महिनाभर आधीपासून घरात चर्चा असते ती सामानाच्या वजनाची. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालेल का, सांडग्या मिरच्या अडवतील का, मधुमेहाच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी का. काय न्यायचे याची इतकी काळजी घेणारी ही माणसे सीमेवर काय ठेवून येतात, याची चर्चा मात्र मी कुठल्याच घरात ऐकलेली नाही.

ठेवून येतात ती दहा बोटे आणि एक चेहरा. युरोपचे पाहा. बोटांचे ठसे व्हिसाच्या अर्जाबरोबरच घेतले जातात आणि पाच वर्षांपर्यंत तिकडच्या संगणकात राहतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी पासपोर्टावर शिक्का मारण्याची जुनी रीत टप्प्याटप्प्याने मोडीत काढायला घेतली. त्याऐवजी सीमेवर चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन येण्याजाण्याची नोंद होते आणि ती साधारण तीन वर्षे ठेवतात. गंभीर गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांनाही ती पाहता येते. अमेरिकेचा हिशेब निराळा. तिथल्या नागरिकाचा सीमेवर काढलेला फोटो बारा तासांत पुसला जातो. आपल्यासारख्या पाहुण्याचा ७५ वर्षांपर्यंत ठेवता येतो. म्हणजे सत्तरीच्या आजोबांचा चेहरा त्यांच्या एकशे पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत सुखरूप!

आपल्या देशातही हे वारे आले आहे. नागपूरहून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकी, त्यामुळे आपली गाठ बहुधा दिल्ली-मुंबईशीच पडते. दिल्लीला जून २०२४ मध्ये आणि मुंबईसह आणखी सहा विमानतळांवर जानेवारी २०२५ मध्ये इमिग्रेशनची स्वयंचलित फाटके सुरू झाली. आधी नाव नोंदवून ठसे आणि चेहरा द्यायचा, मग रांगेशिवाय पार. योजना ऐच्छिक आहे, तिला पैसे पडत नाहीत, आणि पहाटे तीन वाजता गुडघे धरून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती देवासारखी वाटली तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

तरीही उभी हयात बँकेत घालवलेल्या माणसाची एक सवय सुटत नाही. कोणी काही ठेवायला आणले की आधी पावती फाडायची. गिऱ्हाईकाच्या नमुना सहीचे कार्ड आम्ही कुलपात ठेवत असू. नोकरीत रुजू होतानाच गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागे आणि शेजारच्या खात्यात किती शिल्लक आहे हे बायकोलाही सांगायची सोय नव्हती. शिवाय सही बदलता येत होती. चेकबुक हरवले तर अर्ज द्या, पैसे थांबतील. हरवलेल्या चेहऱ्याचे ‘स्टॉप पेमेंट’ कुठल्या खिडकीवर करायचे?

ही भीती कादंबरीकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या एका कंत्राटदाराने प्रवाशांची छायाचित्रे परवानगीशिवाय स्वतःच्या संगणकांवर उतरवून घेतली आणि ते संगणक चोरट्यांनी फोडले. सरकारी चौकशीत आकडा निघाला सुमारे १,८४,००० छायाचित्रांचा. त्यातली काही चोरबाजारात मांडलेलीही सापडली. तिजोरी मजबूत होती हो. किल्ली कंत्राटदाराच्या खिशात होती.

ठसे देण्याच्या प्रश्नाशी आपल्या विदर्भाचे एक जुने नाते आहे. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह पेटला तो यावरूनच. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने तिथल्या हिंदी माणसांना दहा बोटांचे ठसे देऊन परवाना घेण्याची सक्ती केली. पण जानेवारी १९०८ मध्ये तडजोड झाली, तेव्हा याच गांधींनी स्वखुशीने ठसे दिले. त्यापायी आपल्याच माणसाचा मार खाल्ला. सरकारने शब्द फिरवल्यावर त्याच वर्षी १६ ऑगस्टला जोहान्सबर्गमध्ये परवान्यांची होळी झाली. शाईने बोटे काळी होतील याची त्यांना भीती नव्हती. मागणारा कोणत्या नात्याने मागतो आणि दिलेला शब्द पाळतो की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आज तो प्रश्न विचारायला आपल्याकडे आधार आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. पण मेख अशी की, सुरक्षेच्या आणि सुव्यवस्थेच्या कारणाने केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकते. दुकानदाराने हिशेब द्यायचा आणि सीमेवरच्या खिडकीला मात्र सूट, हे मला पटत नाही. २०२४ च्या सुरुवातीला देशांतर्गत विमानतळांवर ‘डिजियात्रे’साठी न विचारताच चेहरे टिपल्याच्या तक्रारी झाल्या. ती योजनाही ऐच्छिकच होती. मागे दोनशे माणसे ताटकळत असताना आणि वर्दीतला माणूस ‘इकडे बघा’ म्हणत असताना ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ किती उरतो?

माझी मागणी किरकोळ आहे. चेहरा किंवा ठसा घेतला की प्रवाशाच्या हाती मराठीतली एक चिठ्ठी पडावी: काय घेतले, कशासाठी, कधी पुसणार, आणखी कोणाला दाखवणार, आणि तक्रार कोणाकडे करायची. शिवाय यंत्राशेजारी माणूस बसलेली एक खिडकी कायम उघडी हवी. भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत, त्यांनी जायचे कुठे? निवृत्तिवेतनाच्या दाखल्यासाठी यंत्रावर पाचपाच वेळा अंगठा दाबणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत.

युरोपच्या नोंदीत आपल्याविषयी काय लिहिले आहे ते विचारण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क परक्या प्रवाशालाही आहे. यंदा तिकडे जाणाऱ्यांपैकी एखाद्या आजोबांनी नातवाला संगणकापुढे बसवून तसा अर्ज जरूर करावा. उत्तर किती दिवसांनी आले तेवढे मला कळवावे.