आरसा आणि मुखावरचा व्रण



आपल्या घरात भिंतीवर टांगलेल्या काचेला आपण आरसा म्हणतो आणि ज्याच्यासारखे व्हावे असे वाटते त्या पुरुषाला आदर्श म्हणतो. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. संस्कृतात ‘आदर्श’ म्हणजे आरसाच. पालीत त्याचा ‘आदास’ झाला आणि मराठीच्या तोंडी ‘आरसा’. आज आपण एकात पाहून केस विंचरतो आणि दुसऱ्याच्या तसबिरीला जयंतीच्या दिवशी हार घालतो. दोहोंचे काम मात्र पाहणाऱ्याला त्याचेच रूप दाखविण्याचे होते, हे आपण विसरून गेलो आहोत.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक लहानशी हकिकत आहे. भिक्षूंनी आरशात किंवा पाण्याच्या भांड्यात आपले तोंड पाहू नये, असा नियम घालून दिलेला होता. पुढे एका भिक्षूच्या तोंडावर व्रण झाला. त्याने सोबत्यांना विचारले की माझी जखम कशी दिसते? सोबत्यांनी ती कशी दिसते ते सांगितले. परंतु त्याचा विश्वास बसेना. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी व्याधीच्या कारणासाठी आरशात पाहण्याची अनुज्ञा दिली. चार सोबत्यांच्या शब्दावर विसंबून राहा, असे त्या भिक्षूला सांगितले गेले नाही. ज्याची जखम आहे त्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावी, इतके साधे आणि इतके मोठे तत्त्व त्या अनुज्ञेत आहे, असे मला वाटते.

आपल्या तोंडावरील जखम कशी आहे, किंबहुना आपले तोंड कसे आहे, हे शेकडो वर्षे दुसऱ्यांनीच सांगितले. गावाने सांगितले, पोथीने सांगितले आणि आपल्या आजापणजांनी ते खरे मानले. ही व्यथा आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच दुखणे मांडले आहे. काळ्या मनुष्याला स्वतःकडे नेहमी गोऱ्याच्या डोळ्यांतून पाहावे लागते आणि त्यामुळे एकाच देहात दोन जाणिवा नांदू लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी १९४६ साली याच डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती किती मिळतीजुळती आहे याकडे लक्ष वेधले होते. दोन खंडांतील दोन विद्वान एकमेकांना पत्रे लिहीत होते, कारण दोघांच्याही समाजापुढे धरलेली काच एकाच जातीची होती. (येथे ‘जात’ हा शब्द मी सहज लिहून गेलो, तो खोडावासा वाटत नाही.)

या काचेचा एक दुसरा उपयोगही आहे. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली असा विचार मांडला की, पुरुषाला त्याचे रूप आहे त्याच्या दुप्पट मोठे दिसावे म्हणून स्त्री ही शतकानुशतके त्याच्यापुढे आरशासारखी उभी केलेली आहे. वाचकहो, या वाक्यात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ यांच्या जागी गावातील दोन वस्त्या घालून पाहा. कोणी तरी खाली वाकलेला असल्यावाचून दुसऱ्याला आपली उंची कळत नाही. वाकलेला मनुष्य सरळ उभा राहिला की समोरच्याला आपले रूप एकाएकी लहान दिसू लागते, आणि मग त्याला राग येतो. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, त्यानंतर जी मारहाण झाली तिचे एक कारण येथे शोधावे लागेल. तळ्यातले पाणी काही कमी झाले नव्हते.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना जे सांगितले, ते या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. लुगडे नेसण्याची जी पद्धत तुमची जात दुरून ओळखू देते ती सोडा. गळ्यातील व हातांतील जडशीळ दागिने उतरवा. असा तो उपदेश होता. अनेक स्त्रियांनी त्याप्रमाणे लागलीच लुगडे नेसण्याची रीत बदलली, असे नमूद आहे. वरवर पाहता ही वस्त्राची बाब. परंतु दुसऱ्यांनी ठरवून दिलेला वेश उतरवून जेव्हा एखादी बाई पाण्यात आपले रूप पाहते, तेव्हा तिला कोण दिसत असेल, याचा विचार करावा.

१९२७ सालीच दूर केरळात चेर्तलाजवळ कलवनकोड येथे श्रीनारायण गुरूंनी देवळात मूर्तीच्या जागी आरसा बसविला. ज्या एळव समाजाला सवर्णांच्या देवळांची दारे बंद होती, त्या समाजात जन्मलेला हा पुरुष. आरशाची पूजा करणे आपल्या मार्गात बसत नाही. तरीही गाभाऱ्यात गेलेल्या मनुष्याला तेथे स्वतःचेच तोंड दिसावे, या योजनेतील धैर्य आपण ओळखले पाहिजे.

साहित्य हा समाजाचा आरसा आहे, असे आपण शाळेत पाठ केले. या आरशात आपण फार दिवस नव्हतोच. होतो ते कोणाच्या तरी दयेच्या कडेला. आपल्या माणसांनी लेखणी घेतली तेव्हा चित्र पालटले. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली. ‘बलुतं’मध्ये दया पवार आणि दगडू पवार ही एकाच मनुष्याची दोन रूपे समोरासमोर येतात, जणू एक दुसऱ्याला आरसा दाखवीत आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपली कहाणी घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहिली. ‘जिणं आमुचं’ या नावाने ती १९८६ साली पुस्तकरूपाने निघाली. गावाने केलेला छळ तिच्यात आहे, आणि आपल्याच उंबरठ्याच्या आत सुनेला भोगावा लागलेला छळही आहे. घरातली घाण चव्हाट्यावर कशाला, असे म्हणणारे अशा वेळी नेहमी निघतात. त्यांना तो व्रण झालेला भिक्षू दाखवावा.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत असता भगवंतांनी त्याला, परंपरेप्रमाणे वयाने बालकच असलेल्या आपल्या पुत्राला, आरसा कशासाठी असतो असा प्रश्न केला. पाहून तपासण्यासाठी, असे राहुल म्हणाला. त्याप्रमाणेच शरीराचे, वाणीचे व मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असता आणि करून झाल्यावर तपासावे, त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा होते काय ते पाहावे, अशी ती शिकवण आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जी सात वचने वारंवार ऐकावीत म्हणून सांगितले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे. आणि ऐकणाऱ्यांत भिक्षु-भिक्षुणींबरोबर उपासक व उपासिकांचीही नावे घातली आहेत.

हा आरसा पहिल्यापेक्षा कठीण आहे. दुसऱ्याने धरलेली काच फोडता येते, ती फोडण्याचा आपल्याला अधिकारही आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी ती फोडली. कर्माच्या आरशात मात्र आपण बौद्ध म्हणून घेतो एवढ्याने रूप उजळत नाही. देव्हारा माळ्यावर ठेवला की मोडला, हे त्यात दिसते. शहरातील कचेरीत आडनाव विचारल्यावर आपण काय उत्तर दिले, तेही दिसते. या दुसऱ्या बाबतीत मी कोणाला दोष देण्यास धजणार नाही, कारण खोली भाड्याने मिळवायची असते आणि पोरांना शाळा असते.

शिवाय शरीराने अथवा वाणीने चुकीचे कर्म घडले असे आढळले, तर ते गुरूपुढे किंवा सुज्ञ सोबत्यापुढे उघड बोलून दाखवावे, असेही राहुलाला सांगितलेले आहे. म्हणजे हा आरसा दार लावून एकट्याने पाहण्याचा नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आपण वर्गणीचा हिशेब मांडतो; त्यानंतर थोडा वेळ याही हिशेबाला द्यावा, अशी माझी सूचना आहे. प्रारंभ कोठून करावा, असे कोणी विचारील. आपल्या घरी नुकतेच ठरलेले लग्न घ्या. स्थळ आले तेव्हा मुलीचे शिक्षण आधी विचारले, की तिची पोटजात?