टर्बो बदलण्याआधी पाईप बघा

भातझोडणी उरकली की कर्जत-खालापुरात जुन्या पिकअप नि जीपगाड्यांना उसंत नसते. भात गिरणीवर, भाजी पनवेल-वाशीला, पेंढा बोरघाट चढून वर. अशा वेळी दहा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी खोपोलीच्या पुढे चढाला दम टाकते. गॅरेजवाला बॉनेट उघडतो नि सांगून मोकळा होतो, "टर्बो गेला!" हंगामाची कमाई तिथेच संपते. शेतकरी बंधूंनो, तपासल्याशिवाय टर्बो बदलू देऊ नका.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोतला एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. आता ही दाबलेली हवा वाटेतच गळाली तर पंख्याचा काय दोष? पाट फुटला म्हणून कोणी पंप बदलतो का?

आधी धूर बघा. चढावर काळा धूर असेल तर बहुधा हवा कमी पडते. धूर नाही नि ओढही नाही, तर डिझेल फिल्टर तपासा. इंजिन नुसते ओरडते पण गाडी सरकत नाही, तर क्लच घसरतोय.

हवा कमी असेल तर प्रथम एअर फिल्टर. झोडणीचा भुसा नि वीटभट्टीची धूळ तिथेच बसते. मग रबरी पाईप. ते क्लिपेखाली चिरतात, चढावर फुसफुस ऐकू येते. मेकॅनिककडून पाईपात थोडी हवा भरून साबणाचे पाणी लावा, पंक्चरसारखे बुडबुडे येतील. त्यानंतर ॲक्च्युएटरची बारीक नळी तुटली का, दांडी गंजून अडकली का, ते बघा. शेवटी इंजिन थंड असताना टर्बोचा पंखा हाताने फिरवा. पाती घासत वा तुटलेली असतील, तरच टर्बो उतरवा. आणि ऑईल का पोचले नाही याचा शोध घ्या, नाहीतर नवाही तसाच जाईल.

सरपंचांनी पंप नि पॉवर टिलर दुरुस्तीची शिबिरे भरवताना या गाड्याही त्यात घ्याव्यात. जवळच्या आयटीआयची मदत मागावी. मालवाहू गाडी हे शेतीचेच अवजार आहे.